घोडबंदरला गाडी ठोकली: ५४ हजारांचं एस्टिमेट ९३ हजारांवर कसं गेलं?

माजिवडेकर
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. गेल्या आठवड्यात मानपाड्याच्या पुढे घोडबंदर रोडवर समोरच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्या बुडात जाऊन बसली. कुणाला लागलं नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत. टेम्पोच्या फाळक्यावर ओरखडासुद्धा नाही, आमचं नाक मात्र आत गेलं.

गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, पण झिरो डेप (घसारा कापू न देणारं जादा कव्हर) नाही. सर्व्हिस सेंटरने पहिल्या दिवशी ५४,००० चं एस्टिमेट दिलं. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर येऊन गेला, बंपर खोलला आणि आता म्हणतात ९३,०००. सगळे आकडे जीएसटी धरून:

पहिलं: बंपर, ग्रिल, उजवा हेडलॅम्प मिळून १९,०००. बोनेट आणि फेंडर १३,०००. रंग १४,०००. मजुरी ८,०००.
वाढीव: कंडेन्सर, रेडिएटर, बंपरमागचा बीम, वरचा क्रॉस मेंबर मिळून २५,०००. फॅनचं प्लास्टिक आवरण आणि ब्रॅकेट ५,०००. मजुरी आणखी ६,०००. एसी गॅस, कूलंट, क्लिपा वगैरे ३,०००.

बाहेरून तर एवढं काही दिसत नव्हतं. हे लोक फुगवतायत का? आणि यातलं माझ्या खिशातून किती जाणार? सेंटरच्या सल्लागाराला विचारलं तर "सर, फायनल बिलाच्या वेळी कळेल" एवढंच उत्तर मिळतं.

शिळफाटा_फॅन
घोडबंदरला गाडी ठोकण्याइतका वेग मिळाला, याबद्दल आधी अभिनंदन.

माजिवडेकर
रात्री साडेअकराची गोष्ट आहे हो. तेवढा एकच तास असतो.

पत्रा_आणि_रंग
वागळे इस्टेटला माझं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे, कंपनीचं नाही. त्यामुळे सर्व्हिस सेंटरची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. पण तुमची यादी वाचून फसवणूक वाटत नाही.

बंपर म्हणजे नुसती प्लास्टिकची कातडी. धक्का खातो तो मागचा बीम. त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याला चिकटून रेडिएटर, मग पंखा. छोट्या गाडीत या सगळ्यांमध्ये जागा जेमतेम चार बोटं. टेम्पोचा फाळका उंच असतो, म्हणजे मार बीमच्या वर, बोनेटच्या टोकावर आणि वरच्या क्रॉस मेंबरवर आला असणार. प्लास्टिक दबतं आणि पुन्हा बाहेर येतं, म्हणून बाहेरून "काही नाही" असं दिसतं. कंडेन्सरच्या नळ्या अॅल्युमिनियमच्या आणि पातळ, त्या एका टोकदार कोपऱ्याने फुटतात.

पहिलं एस्टिमेट नेहमी नजरेचं असतं. आधीच सगळं खोलून ठेवलं तर सर्व्हेअर विचारणार, हे अपघातात तुटलं की तुम्ही तोडलं? म्हणून तो एकदा न खोललेली गाडी बघतो, मग खोलल्यावर दुसऱ्यांदा येतो. तेव्हा जे निघतं त्याचं वाढीव एस्टिमेट. पुढून ठोकलेल्या गाडीत आकडा वाढला नाही तरच मला शंका येते.

मात्र दोन गोष्टी विचारा. एक, वरचा क्रॉस मेंबर बदलायलाच हवा का? किंचित वाकला असेल तर सरळ होतो. दुसरं, चॅसीचे पुढचे पाय मोजले का? कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंचं माप सारखं यायला हवं. तिथे फरक असेल तर गाडी जिगवर (चॅसी सरळ करायच्या चौकटीवर) घेऊन ओढावी लागते आणि ते काम या यादीत दिसत नाहीये. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे तुम्ही स्वतःही बघू शकता.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
रंगाचे १४,००० तीन पॅनेलना? आमच्या गल्लीत निम्म्यात होतं.

पत्रा_आणि_रंग
होतं ना. कसं होतं तेही सांगतो. ओरखडा इंचभर असो की हातभर, सेंटरला रंग पॅनेलवर मोजतात, कारण चांगलं काम करायचं तर पूर्ण पॅनेलच रंगवावं लागतं. तुकडा रंगवला की उन्हात कड दिसते. साधा पांढरा स्वस्त. मेटॅलिकला रंगावर क्लिअर कोट. पर्लला मध्ये आणखी एक थर, म्हणजे साहित्यही जास्त आणि वेळही जास्त. शेड जुळवायला कधी शेजारच्या दरवाजावर थोडा रंग विरवत न्यावा लागतो. ते केलं नाही तर फेंडर नवा आणि दरवाजा जुना, हे दहा फुटांवरून कळतं.

निम्म्या पैशातल्या कामात बहुतेकदा पत्रा नीट न ओढता वर लांबी थापतात, म्हणजे पुट्टी. पातळ थर सगळेच लावतात, त्यात गैर काही नाही. जाड थर मात्र दोन पावसाळ्यांत तडकतो. फ्रिजवरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जाड लांबी असेल तिथे धरत नाही.

सगळे गल्लीवाले वाईट असं नाही हं. तुर्भ्याला आणि आमच्याकडे वागळेला असे कारागीर आहेत की सेंटरवाले दरवाजा बदला म्हणतात आणि हे तो हाताने काढून देतात. बोल्टवर बसणारे भाग, म्हणजे बोनेट, फेंडर, दरवाजा, बदलायला सोपे. पण मागचा क्वार्टर पॅनेल, छप्पर, खांब हे वेल्डिंगचे. ते कापून नवीन जोडण्यापेक्षा ओढून सरळ होत असतील तर मी कधीही ओढणं पसंत करतो. जुनी गाडी घेणारा कापलेला क्वार्टर पॅनेल हमखास ओळखतो आणि भाव पाडतो.

निवृत्त_सर्व्हेअर
नेरुळहून. आयुष्यभर ठोकलेल्या गाड्याच पाहिल्या, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. "फायनल बिलाच्या वेळी कळेल" हे उत्तर चुकीचं आहे. जवळजवळ सगळं आजच काढता येतं.

कापली जाणारी टक्केवारी कुणाच्या मर्जीवर नसते. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला तक्ता अजूनही चालतो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, गाडी कालची असली तरी. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात.

आता तुमची गाडी.
प्लास्टिक एकूण २४,०००, तुमचे १२,०००.
धातू एकूण ३८,०००, त्याच्या २५ टक्क्यांनी ९,५००.
रंग १४,०००, त्यातलं साहित्य ३,५००, त्याचे निम्मे १,७५०.
गॅस, कूलंट, क्लिपा ३,०००. कंझ्युमेबल्सचं कव्हर नसेल तर हे सगळे तुमचे.
सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची रक्कम, १,०००. १५०० सीसीपर्यंत एवढी, त्यावर २,०००.
बेरीज २७,२५०. कंपनी देणार ६५,७५०. शिवाय जुने धातूचे भाग भंगारात जातात, त्यांची थोडी रक्कम कापली जाते.

झिरो डेप असतं तर याच बिलात तुमचे फक्त ४,००० गेले असते, आणि कंझ्युमेबल्स कव्हरही असतं तर १,०००. साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे सहज मिळतं. पण वर्षात अशा किती दाव्यांना चालेल यावर बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते, ती पॉलिसीत वाचा.

माजिवडेकर
काका, साष्टांग नमस्कार. सेंटरमधल्या एकालाही हे दोन मिनिटांत सांगता आलं नाही.

एक राहिलं. रेडिएटरवर त्यांनी ५० टक्के लावलेत, म्हणतात "टाक्या प्लास्टिकच्या आहेत".

निवृत्त_सर्व्हेअर
हा जुना वाद आहे. टाक्या प्लास्टिकच्या असतात हे खरं, पण मुख्य भाग, म्हणजे जाळी, अॅल्युमिनियमची. मी अख्खा रेडिएटर धातूतच धरायचो. सर्व्हेअरशी थेट बोला, सल्लागारामार्फत नको. त्याचा नंबर तुम्हाला मिळालेला असतो. नाहीच ऐकलं तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पाठवा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी ते कार्यालय आता ठाण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही. एका रेडिएटरसाठी एवढं करावं असं मी म्हणणार नाही, पण ते आहे हे सर्व्हेअरला माहीत असतं.

ऐरोलीकरीण
माझा प्रश्न छोटा आहे. सोसायटीच्या खांबाला मागचा बंपर घासला. गॅरेजवाला म्हणतो ७,००० मध्ये दुरुस्ती आणि रंग करून देतो. सेंटरवाला म्हणतो, "मॅडम, क्लेम करा, नवीन बंपर टाकू, तुमचं काहीच जाणार नाही." झिरो डेप आहे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) ५० टक्के चालू आहे. काय करू?

निवृत्त_सर्व्हेअर
ताई, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, हप्ता बोनस वजा करण्यापूर्वी किती आहे? पॉलिसीच्या कागदावर असतो.

ऐरोलीकरीण
साधारण ९,०००. म्हणून सध्या ४,५०० भरते, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) वेगळा.

निवृत्त_सर्व्हेअर
मग क्लेम करू नका. बोनस नुसता पुढच्या वर्षी जात नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं: शून्य, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. एरवी तुम्ही सगळी वर्षं ५० वरच असता. म्हणजे पाच नूतनीकरणांत फरक अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांचा. बेरीज १२५ टक्के. ९,००० चे सव्वापट ११,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १३,२७५. गाडीची विमित किंमत दरवर्षी उतरते म्हणून हप्ताही उतरेल आणि प्रत्यक्षात थोडं कमी पडेल. तरी ७,००० च्या बंपरसाठी हा सौदा वाईट आहे. "तुमचं काहीच जाणार नाही" हे वजावट सोडली तर त्या दिवसापुरतं खरं असतं.

पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही नो क्लेम बोनस टिकवणारं कव्हर) असेल तर गणित वेगळं. ते एकदा बघून घ्या.

ऐरोलीकरीण
नाहीये. गॅरेजवाल्याकडे टाकते. सेंटरवाल्याने असंही सुचवलं होतं की त्याच क्लेममध्ये डाव्या दरवाजावरचे जुने ओरखडेपण काढून घेऊ.

पत्रा_आणि_रंग
हे फार चालतं. एक अपघात, एक क्लेम. मागचा बंपर खांबाला आणि डावा दरवाजा रिक्षाला, असे दोन वेगळे प्रसंग असतील तर दोन क्लेम आणि दोनदा वजावट. एकाच गोष्टीत बसवण्यासाठी मग "गाडी गोल फिरली" वगैरे कथा रचतात. सर्व्हेअर ओरखड्याची उंची आणि दिशा बघतो. त्यात गंज दिसला तर तो भाग कापतोच आणि उरलेल्या दाव्याकडेही संशयाने बघायला लागतो.

निवृत्त_सर्व्हेअर
गंजाबद्दल शंभर टक्के सहमत. ताज्या जखमेत पत्रा चकाकतो.

तुर्भे_नाका
माझं उलटं आहे. महापे-शिळफाटा रस्त्यावर सिग्नलला उभा होतो, डंपरने मागून दिली. चूक सरळ त्याची. मग माझा बोनस का जावा? त्याच्या थर्ड पार्टीतून पैसे मिळत नाहीत का?

निवृत्त_सर्व्हेअर
मिळू शकतात. थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर असतं, सहसा साडेसात लाखांपर्यंत. पण समोरच्याची विमा कंपनी गॅरेजला चेक पाठवत नाही. पोलिसांत रीतसर नोंद, पंचनामा, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. तिथे निकालाला वेळ लागतो आणि गाडी तोवर उभी ठेवता येत नाही. म्हणून लोक स्वतःच्या ओन डॅमेजमधून दुरुस्त करून घेतात आणि बोनस सोडून देतात. न्यायाधिकरणात गेलात तर स्वतःच्या कंपनीकडून मिळालेली रक्कम पुन्हा मागता येत नाही, घसाऱ्यासारखं जे खिशातून गेलं ते मागता येतं. नुकसान मोठं असेल तरच वकिलाला विचारा. डिकीच्या दरवाजासाठी मी तरी गेलो नसतो.

शिळफाटा_फॅन
माझ्या नावाच्या रस्त्यावर हे असं घडलं, याबद्दल मी दिलगीर आहे.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
माजिवडेकर, हेडलॅम्प कुर्ल्याहून का नाही आणत? तिथे जुने ओरिजिनल निम्म्याहून कमीत मिळतात.

पत्रा_आणि_रंग
क्लेममध्ये नाही चालत, कंपनीला जीएसटी बिल लागतं. स्वतःच्या पैशाने करत असाल तर हेडलॅम्प, आरसे, ग्रिल यांना हरकत नाही, माल कुठून आला ते विक्रेत्याला जरूर विचारा. एअरबॅग, सीटबेल्ट, स्टीअरिंगचे भाग मात्र जुने कधीच लावू नका. एअरबॅग उघडली की तिच्यासोबत सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, कंट्रोल मॉड्यूल आणि कित्येकदा अख्खा डॅशबोर्ड जातो. जुन्या गाडीचा आकडा मग विमित किमतीच्या ७५ टक्क्यांवर जातो आणि कंपनी ती टोटल लॉस धरते. माजिवडेकरांचं नशीब त्या एका बाबतीत चांगलं.

आणि हेडलॅम्पचा फक्त कान तुटला असेल, काच-रिफ्लेक्टर ठीक असतील, तर काही मॉडेलना कानाचं वेगळं किट मिळतं. सेंटरवाले स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

ऐरोलीकरीण
आमच्या नव्या गाडीत पुढे रडार आहे. तिचा बंपरही असाच रंगवून चालेल?

पत्रा_आणि_रंग
तिथे सांभाळून. रडार बंपरच्या किंवा लोगोच्या मागे असतं, कॅमेरा पुढच्या काचेला. रडारसमोर लांबीचा किंवा रंगाचा जाड थर आला तर ते नीट बघत नाही. काच बदलली, बंपर उतरवला, की मशीनवर कॅलिब्रेशन करावं लागतं, त्याचे वेगळे पैसे. अशा गाडीला गल्लीतलं गॅरेज नको. मी स्वतः अशी कामं परत पाठवतो, माझ्याकडे ती यंत्रणा नाही.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
घोडबंदरवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून अपघात किती वाढलेत, यावर कुणी बोलणार की नाही? रस्त्याचे खड्डे, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळणं, कुणाला काही पडलेलं नाही.

व्यवस्थापक
घोडबंदर रोडसाठी स्वतंत्र धागा आहे आणि तो भरपूर तापलेला आहे. इथे कृपया दुरुस्तीच्या खर्चाबद्दलच लिहा. याच विषयावरचे चार प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

तुर्भे_नाका
माझ्या मागच्या अपघाताचं बिल काढून बघितलं. सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी लागला होता. आता?

निवृत्त_सर्व्हेअर
२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८. मजुरीवर आधीपासूनच १८ आहे. जुनं बिल समोर ठेवून तुलना करताना हा फरक धरा. आणि माजिवडेकर, टोचनचे पैसे क्लेममध्ये टाकलेत का? साध्या पॉलिसीतही १,५०० पर्यंत मिळतात.

याच पॉलिसीत एक मजेशीर वाक्यही आहे: कंपनीला न विचारता तुम्ही दुरुस्ती करू शकता, पण एस्टिमेट ५०० रुपयांच्या आत असेल तर. आज ५०० रुपयांत बंपरच्या क्लिपा येतात.

माजिवडेकर
टोचन कंपनीच्या रोडसाइडमधून आलं, पैसे नाही घेतले. खरं सांगायचं तर गाडी सुरू होत होती, मी ती तशीच घरी आणणार होतो. बायकोने खाली हिरवं पाणी गळताना बघितलं आणि थांबवलं.

पत्रा_आणि_रंग
वहिनींना माझ्यातर्फे वडापाव. ते कूलंट होतं. तसेच पाच-सहा किलोमीटर आला असता तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनातलं सील) गेलं असतं, आणि तो खर्च कंपनी देत नाही. अपघातानंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं नुकसान अपघातात धरत नाहीत. आमच्याकडे अशी गाडी येते तेव्हा पुढचं बिल लहान आणि इंजिनाचं मोठं असतं.

माजिवडेकर
अपडेट. आज सर्व्हेअरशी थेट बोललो, चांगला माणूस निघाला. रेडिएटर धातूत धरला. क्रॉस मेंबर बदलायचा नाही, सरळ करायचा असं ठरलं. त्याचे ५,००० गेले आणि मजुरी १,५०० ने वाढली. चॅसीची मापं दाखवली, दोन्हीकडे सारखी आहेत. एकूण ८९,५००. काकांच्या पद्धतीने माझे २६,०००, वर भंगाराचे ७००, म्हणजे २६,७००. सल्लागाराला आकडा आधीच सांगितला तर त्याने कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

बिलात "फाइल चार्जेस" म्हणून १,२०० दिसतायत. हे काय?

निवृत्त_सर्व्हेअर
क्लेमचे कागद हाताळण्याचे पैसे, सेंटर स्वतःच्या मनाने लावतं. कंपनी देत नाही आणि पॉलिसीत असं काही नसतं. कशाबद्दल आहेत ते लिहून मागा, बहुतेक वेळा बिलातून जातात.

माजिवडेकर
निम्मे गेले. निदान ६०० वर आणले.

पत्रा_आणि_रंग
गाडी ताब्यात घेताना दिवसा घ्या, रात्री ट्यूबलाइटखाली नको, शेडमधला फरक उन्हातच कळतो. एसी दहा मिनिटं लावून बघा. व्हील अलाइनमेंटचा छापील कागद मागा. बदललेले जुने भागही बघायला मागा. कंडेन्सर खरंच फुटला होता का, ते तिथेच दिसेल.

शिळफाटा_फॅन
आणि येताना घोडबंदरने येऊ नका.